स्लिटिंग सॉ घेताना आधी आर्बर बघा

स्लिटिंग सॉ म्हणजे मिलिंग मशीनवर अरुंद खाच पाडणारं पातळ, गोल करवतीसारखं ब्लेड. आर्बर म्हणजे ते ब्लेड धरून फिरवणारा दांडा. पहिला आर्बर मी स्वस्तातला घेतला. ब्लेड फिरायला लागलं की टक… टक… टक. डायल (बारीक फरक मोजायचं घड्याळ) लावला तर रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, 0.15 मिमी! म्हणजे सगळं काम चार-पाच दातच करत होते. बाकीचे नुसते फेरी मारून येत होते.

मग लेथवर स्वतःच बनवला. शँक (मशीनमध्ये धरायचा भाग), ब्लेड बसायची जागा आणि खांदा (ब्लेड टेकायची पायरी), तिन्ही एकाच सेटिंगमध्ये. मधे चकमधून (लेथच्या पकडीतून) जॉब काढायचा नाही. आर्बरवर ब्लेड बोटाने दाबून बसावं, खडखडू नये. पातळ ब्लेडला मी की (ब्लेड आर्बरवर घसरू नये म्हणून बसवायची छोटी पट्टी) लावत नाही. अडकलं तर ते घसरलेलं परवडतं.

ब्लेड एचएसएसचं (हाय-स्पीड स्टीलचं), 63 मिमी व्यासाचं, 16 मिमी बोअरचं (मधल्या भोकाचं) घ्या. घरच्या मशीनला पुरे. जाडी 1 ते 1.5 मिमी. त्याहून पातळ सुरुवातीला नकोच, वाकतं. खोल खाचेला किंवा अॅल्युमिनियमला मोठे दात, नाहीतर बुरा (कापलेल्या धातूचा किस) अडकलाच म्हणून समजा. पातळ पत्र्याला बारीक दात.

एमएसवर (माइल्ड स्टीलवर) 100-120 आरपीएम, भरपूर तेल. जॉब दाताच्या उलट दिशेने सरकवा, आणि फीडला घाबरू नका. नुसतं घासत राहिलं की दात मरतात.