ऑस्ट्रेलियात रविवारच्या शिफ्टचे बुडालेले पैसे कसे मिळवाल

मेलबर्न-सिडनीत शिकायला गेलेली आपली मुलं कॉलेज सांभाळून शनिवार-रविवारीच रेस्टॉरंटमध्ये जास्त राबतात, आणि नेमका त्याच दोन दिवसांचा जादा पगार, म्हणजे पेनल्टी रेट, बुडतो. "ताशी वीस डॉलर, सगळे दिवस सारखे" असं तोंडी ठरतं. आपणच हो म्हटलं होतं, आता कोणत्या तोंडाने मागायचं, असं वाटून बरेच जण गप्प बसतात. गप्प बसू नका. कायद्याच्या किमान दराखाली तुम्ही होकार दिला, सहीसुद्धा केली, तरी तो ठराव टिकत नाही.

आधी आपला अवॉर्ड ओळखा. अवॉर्ड म्हणजे त्या उद्योगातल्या किमान पगाराचं आणि अटींचं बंधनकारक पत्रक. बसून जेवायच्या रेस्टॉरंटला आणि कॅफेला 'रेस्टॉरंट इंडस्ट्री अवॉर्ड 2020' लागू होतो. पब आणि राहण्याच्या हॉटेलांना वेगळा, पार्सलवर चालणाऱ्या फास्ट फूडला आणखी वेगळा. चुकीचा अवॉर्ड धरलात तर मालकाचा अकाउंटंट पहिल्याच उत्तरात तुमचा सगळा हिशेब खोडून काढतो. मग लेव्हल पाहा: नुसती भांडी घासणं, टेबलं पुसणं साधारण लेव्हल 1, ऑर्डर घेणं आणि वाढणं लेव्हल 2, रीतसर शिकलेला कुक लेव्हल 4. नेमणुकीच्या वेळी काय म्हटलं होतं ते गौण आहे, प्रत्यक्ष काम काय करता ते धरायचं.

कॅज्युअल, म्हणजे ठरलेले तास आणि पगारी रजा नसलेल्या कामगाराला मूळ दराच्या सोमवार ते शुक्रवार 125 टक्के, शनिवारी 150, रविवारी लेव्हल 2 पर्यंत 150 आणि त्यावर 175, तर सार्वजनिक सुट्टीला 250 टक्के मिळतात. कायम नोकरीत हेच आकडे शनिवारी 125, रविवारी 150, सुट्टीला 225 असे आहेत. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या तक्त्यांत कायम कामगारांचा सुट्टीचा दर 250 दिसतो. तो जुलै 2017 पासून उतरला. आठवड्याच्या दिवशी रात्री दहानंतर ताशी थोडी जादा रक्कम मिळते, तीही धरा. मूळ दर दरवर्षी 1 जुलैच्या सुमारास बदलतो, म्हणून मागच्या वर्षांचा हिशेब त्या त्या वर्षाच्या दराने करा. फेअर वर्क ओम्बड्समन, म्हणजे पगाराचे नियम पाळले जातात का ते पाहणारं सरकारी कार्यालय, त्याच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये तारीख टाकली की तो दर मिळतो.

समजा लेव्हल 2 चा मूळ दर 25 डॉलर आहे आणि तुम्ही शनिवारी 6 व रविवारी 6 तास काम केलं. 12 तासांचे 37.50 ने 450 डॉलर व्हायला हवेत. हातात पडले 240. आठवड्याला 210 गेले, 48 आठवड्यांचे 10,080. इथे एक चूक सर्रास होते: कॅज्युअलचे 25 टक्के या आकड्यांत आधीच धरलेले आहेत, ते पुन्हा वर जोडू नका. फुगवलेली एक ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका घेतली जाते. सुट्ट्या राज्यागणिक बदलतात. गणेश चतुर्थीला तिथे साधा दर असतो, पण मेलबर्नमध्ये नोव्हेंबरातला मेलबर्न कपचा मंगळवार सार्वजनिक सुट्टी आहे. तो दिवस हमखास निसटतो.

खरी लढाई तासांच्या पुराव्यावर असते, आणि तो भांडणाआधी गोळा करायचा असतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या रोस्टरचा, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाचा, दर आठवड्याला फोटो काढा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं रोस्टर एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा, कारण पाठवणारा ते पुसू शकतो. शिफ्ट संपल्यावर ट्रेन-बसचं कार्ड (मेलबर्नमध्ये मायकी, सिडनीत ओपल) ज्या वेळी टॅप झालं तीही नोंद उपयोगी पडते. रोख मिळत असेल तर त्याच रात्री तारीख, तास, रक्कम वहीत टिपा. महिनाभराने आठवून लिहिलेल्या वहीचं वजन निम्मं होतं. पगाराच्या दिवसानंतर एका कामकाजाच्या दिवसात पेस्लिप देणं आणि नोंदी 7 वर्षं ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. त्याने ते केलं नसेल, तर तास खोटे आहेत हे कोर्टात त्याला सिद्ध करावं लागतं. पुष्कळ मुलांना हे माहीतच नसतं.

मग ईमेलने मागणी करा: अवॉर्डचं नाव, लेव्हल, आठवडावार तक्ता, एकूण रक्कम आणि 14 दिवसांची मुदत. भाषा शांत ठेवा. "व्हिसा रद्द करीन" वगैरे धमकी आलीच तर ती लेखी येऊ द्या, पुढे तीच कामी येते. पैसे आले नाहीत तर ओम्बड्समनकडे ऑनलाइन मदत मागा किंवा 13 13 94 वर फोन करा, दुभाषा मागता येतो. विद्यार्थी व्हिसावरची पंधरवड्याची 48 तासांची मर्यादा ओलांडली असली तरी केलेल्या कामाचे पैसे बुडत नाहीत. मात्र तशा प्रकरणात तक्रारीआधी सल्ला घ्या: सिडनीत रेडफर्न लीगल सेंटर, मेलबर्नमध्ये जॉबवॉच, दोन्हीकडे तो मोफत मिळतो.

ओम्बड्समन प्रत्येकासाठी कोर्टात जात नाही. तुम्ही स्वतः फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टाच्या स्मॉल क्लेम्स विभागात 1,00,000 डॉलरपर्यंतचा दावा लावू शकता. वकील आणायला दोन्ही बाजूंना परवानगी लागते, त्यामुळे एकट्याने उभं राहणं जमतं. मागणी केली म्हणून कामावरून काढलं, तर तो वेगळा अर्ज फेअर वर्क कमिशन या कामगार न्यायाधिकरणाकडे काढल्यापासून 21 दिवसांत जायला हवा. बाविसाव्या दिवशी तुम्ही उशिरा आलेले ठरता. पगाराच्या दाव्याला मात्र 6 वर्षं आहेत, आणि शिक्षण संपवून पुण्याला परत आलात तरी तो मरत नाही. म्हणून निघण्याआधी ते फोटो, ती वही आणि बँकेची स्टेटमेंट्स कॉलेजच्या ईमेलवर ठेवू नका, ते खातं बंद होतं.