पावसाचा पहिला थेंब ओळखणारा बझर : वीज आणि इलेक्ट्रॉनिक घटकांची तोंडओळख

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यातील घरांच्या अंगणात आणि गच्चीवर आमसुले, मिरच्या, पापड वाळत घातलेले असतात. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, ही तयारी चालू असतानाच, मोसमी पाऊस स्थिरावण्यापूर्वी, एखादी सर भर दुपारी अचानक येते आणि घरातले माणूस बाहेर धावेपर्यंत आठवडाभराच्या उन्हाचे काम भिजून जाते. पहिले थेंब पडताच आवाज करणारे एक लहानसे उपकरण बॅटरीवर बनवता येते. ते बनवताना विजेचा दाब, प्रवाह, रोध, तसेच रेझिस्टर, डायोड, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर या मूलभूत घटकांची ओळख करून घ्यावी, असा या लेखाचा हेतू आहे. व्याख्या पाठ करून शिकलेली वीज लवकर विसरते. मीटर लावून मोजलेली वीज लक्षात राहते, असा माझा अनुभव असल्यामुळे येथे प्रत्येक टप्प्यावर मोजमाप दिले आहे.

साहित्य थोडे आहे आणि ते पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथे सुट्या भागांच्या दुकानात मिळते. दीड व्होल्टचे चार पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर, ब्रेडबोर्ड (घटक नुसते खोचून जोडता येतील असा छिद्रांचा बोर्ड), जोडतारा, लाल एलईडी, ३३० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहम व २२० किलोओहमचे पाव वॉटचे रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा १६ व्होल्टचा कपॅसिटर, १एन४००७ डायोड, बीसी५४७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, ३ ते २४ व्होल्टवर चालणारा बझर, एक लहान स्विच आणि दाब, प्रवाह व रोध मोजणारा साधा डिजिटल मल्टीमीटर एवढे आणावे. शेवटच्या संवेदक पट्टीसाठी व्हेरोबोर्डचा तुकडा, सोल्डर आणि सोल्डरिंग आयर्नही लागेल. पैसे वाचवायचे असल्यास इतर काहीही कमी करावे, पण मल्टीमीटर वगळू नये.

दाब, प्रवाह आणि रोध

फोंडा किंवा सत्तरीच्या बाजूचे कुळागर ज्याने पाहिले आहे, त्याला विजेची निम्मी कल्पना आधीच आलेली असते. वरच्या झरीचे पाणी पाटातून खाली माडा-पोफळींपर्यंत येते. झरी जितकी उंचावर, तितका पाण्याला जोर अधिक. विजेत या जोराला दाब किंवा व्होल्टेज म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. पाटातून एका सेकंदात किती पाणी गेले, त्याच्याशी विद्युतप्रवाहाची तुलना होते आणि तो ॲम्पिअरमध्ये मोजतात. आपल्या कामात त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिॲम्पिअर, पुरेसा आहे. अरुंद किंवा गाळाने भरलेला पाट पाण्याला अडवतो, तसा पदार्थ प्रवाहाला जो अडथळा करतो तो रोध, आणि त्याचे माप ओहम.

मात्र ही तुलना एका ठिकाणी तुटते, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका नेमक्या तेथेच होतात. पाट मध्येच फुटला तर पाणी फुटलेल्या जागेपर्यंत येते आणि बाहेर सांडते. वीज तशी सांडत नाही. बॅटरीच्या धन टोकापासून निघून घटकांमधून ऋण टोकापर्यंत परत जाणारी वाट अखंड असेल तरच प्रवाह वाहतो, आणि ती वाट कोठेही तुटली तर संपूर्ण वाटेतला प्रवाह एकाच वेळी थांबतो. या अखंड वाटेला परिपथ किंवा बोलीत सर्किट म्हणतात. म्हणून दिवा लागला नाही तर तो बिघडला असे ठरवण्याआधी, धन टोकावर बोट ठेवून तारेतारेने ऋण टोकापर्यंत वाट पुरी होते का, ते पाहावे.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम याने १८२७ साली या तीन राशींचा संबंध प्रसिद्ध केला : दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. दाब वाढला की प्रवाह वाढतो, रोध वाढला की प्रवाह घटतो. या लेखातील बहुतेक हिशेब या एका नियमावर चालतात.

हाच नियम सुरक्षिततेचे कारणही सांगतो. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. पावसाळ्यात ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ला १००० ने भागले तर ०.२३ ॲम्पिअर, म्हणजे २३० मिलिॲम्पिअर येतात, आणि माणसाच्या रक्षणासाठी घरात बसवलेला आरसीसीबी (गळती ओळखणारा स्विच) ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीलाच वीज तोडण्यासाठी बनवलेला असतो. त्यामुळे शिकण्याचे सर्व प्रयोग बॅटरीवरच करावेत. मोबाईलचा चार्जर उघडू नये, कारण त्यातील विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. चवथीच्या मखराला लावलेल्या दिव्यांच्या माळा मुलांना दुरुस्त कराव्याशा वाटतात. पण अनेक स्वस्त माळा थेट घरातील विजेवर चालतात आणि त्यांतला दिवा कितीही लहान दिसला तरी त्याच्या तारेला २३० व्होल्टचा संपर्क असतो. त्या शिकाऊ हातांत देऊ नयेत.

पहिले सर्किट आणि पहिली मोजणी

ब्रेडबोर्डच्या मधल्या भागातील प्रत्येक ओळीतली पाच छिद्रे आतून एकमेकांना जोडलेली असतात आणि मधली खाच दोन्ही बाजूंना वेगळे ठेवते. कडेच्या लांब पट्ट्या बॅटरीच्या दोन टोकांसाठी असतात; काही बोर्डांत त्या अर्ध्यावर तुटलेल्या असतात, म्हणून मल्टीमीटरच्या आवाज करणाऱ्या सातत्य-तपासणीने त्या आधी पडताळाव्यात.

सेल होल्डरमध्ये घालून मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा आणि दोन टोकांवर दाब मोजावा. नवे अल्कलाइन सेल असतील तर तो ६ व्होल्टपेक्षा थोडा अधिक भरतो. आता एलईडी घ्यावा. त्याचा लांब पाय धन बाजूचा असतो आणि कडेचा सपाट भाग ऋण बाजू दाखवतो. उलटा जोडल्यास तो लागत नाही. एलईडी थेट बॅटरीला कधीही लावू नये. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्टचा दाब आला की तो प्रकाशतो आणि त्यापुढे दाब किंचित जरी वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढून तो जळतो. उरलेले ४ व्होल्ट रेझिस्टरने आपल्या अंगावर घ्यायचे असतात. ४ ला ३३० ने भागल्यास सुमारे १२ मिलिॲम्पिअर येतात, आणि एवढा प्रवाह त्याला मानवतो. ३३० ओहमच्या रेझिस्टरवर नारिंगी, नारिंगी, तपकिरी असे पट्टे असतात : पहिले दोन पट्टे ३ आणि ३ हे अंक सांगतात, तिसरा पुढे एक शून्य मांडायला सांगतो आणि शेवटचा सोनेरी पट्टा प्रत्यक्ष रोध ५ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक असू शकतो, हे दाखवतो.

धन पट्टी, रेझिस्टर, एलईडीचा लांब पाय, आखूड पाय, ऋण पट्टी या क्रमाने जोडल्यावर दिवा लागतो. येथे थांबून तीन मोजण्या कराव्यात : रेझिस्टरच्या दोन टोकांमधील दाब, एलईडीच्या दोन टोकांमधील दाब आणि बॅटरीचा दाब. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याइतकी भरते. हाच किर्खहॉफचा नियम, आणि बिघडलेले सर्किट शोधताना तो रोज उपयोगी पडतो. दाब मोजताना मीटरच्या काड्या घटकाच्या दोन्ही बाजूंना टेकवायच्या असतात. प्रवाह मोजताना मात्र वाट तोडून मीटर तिच्या मध्ये बसवावा लागतो. प्रवाहाच्या श्रेणीवर ठेवलेला मीटर थेट बॅटरीला टेकवला तर त्याचा फ्यूज जातो. रोध मोजायचा असेल तर बॅटरी आधी काढावी.

डायोड आणि कपॅसिटर येथे थोडक्यात पुरेत. १एन४००७ डायोडवर रुपेरी पट्टा असलेली बाजू ऋण असते. प्रवाह त्या पट्ट्याच्या दिशेनेच जातो, उलट नाही, आणि जाताना सुमारे ०.७ व्होल्ट दाब खर्च होतो. तो बॅटरीच्या धन तारेत ओळीने लावल्यास सेल उलटे घातले गेले तरी पुढचे घटक वाचतात. कपॅसिटर विद्युतभार साठवतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोओहममधून भरायला लावून त्यावरील दाब मीटरने पाहावा : दहा सेकंदांत तो बॅटरीच्या दाबाच्या सुमारे ६३ टक्के, म्हणजे ३.८ व्होल्टच्या आसपास पोहोचतो. ओहम आणि फॅरड (कपॅसिटरच्या साठवणक्षमतेचे माप) यांचा गुणाकार सेकंदांत येतो, हे यातून हाताला कळते. या कपॅसिटरच्या अंगावरील पांढरा पट्टा ऋण बाजू दाखवतो आणि तो उलटा जोडल्यास फुगू किंवा फुटू शकतो, म्हणून जोडणी दोनदा तपासावी.

ट्रान्झिस्टर : थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालवणे

पावसाच्या पाण्याचा रोध एलईडीच्या सर्किटला फार मोठा असतो. दोन जवळजवळच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये थेंब पडला तर त्यांच्यातील रोध काही लाख ओहम असू शकतो. ५ लाख ओहममधून ६ व्होल्टच्या दाबाने जेमतेम १० मायक्रोॲम्पिअर (ॲम्पिअरचे दहा लाखावे भाग) वाहतात आणि त्यावर बझर वाजत नाही. हा क्षीण प्रवाह एखाद्या मोठ्या प्रवाहाचे दार उघडायला वापरावा लागतो, आणि ते काम ट्रान्झिस्टर करतो.

बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस आणि एमिटर हे तीन पाय येतात. बेसमधून एमिटरकडे अल्प प्रवाह सोडला की कलेक्टरमधून एमिटरकडे त्याच्या शंभर ते काही शे पट प्रवाह वाहू शकतो. या ट्रान्झिस्टरसाठी कमाल मर्यादा १०० मिलिॲम्पिअरची आहे. पहिली चाचणी एलईडीवर करावी. एमिटर ऋण पट्टीला जोडावा. धन पट्टीपासून ३३० ओहम आणि एलईडी यांच्या ओळीने कलेक्टरपर्यंत यावे. धन पट्टीपासून एक मोकळी तार घ्यावी, बेसपासून १ किलोओहम रेझिस्टर लावून दुसरी मोकळी तार घ्यावी, आणि या दोन उघड्या टोकांमध्ये ओले बोट ठेवावे. दिवा मंद उजळतो, कारण बोटातून गेलेला अगदी थोडा प्रवाह ट्रान्झिस्टरने वाढवला आहे. हा प्रयोग ६ व्होल्टच्या बॅटरीवर निर्धोक आहे, आणि फक्त तिच्यावरच करावा. १ किलोओहम रेझिस्टर असण्याचे कारण असे की, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी बेसचा प्रवाह सुमारे ५ मिलिॲम्पिअरवर अडतो.

बझरसाठी एका ट्रान्झिस्टरचे बळ पुरत नाही. १० मायक्रोॲम्पिअर दोनशेपट केले तरी २ मिलिॲम्पिअरच होतात. म्हणून पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला जोडावा, दोघांचे कलेक्टर एकत्र करून बझरच्या ऋण तारेला जोडावेत आणि बझरची धन तार धन पट्टीला न्यावी. दुसऱ्याचा एमिटर ऋण पट्टीला जातो. आता वाढ दोनदा होते, दोनशे गुणिले दोनशे. यालाच डार्लिंग्टन जोडी म्हणतात.

येथे गोव्याची हवा आड येते. डार्लिंग्टन जोडी इतकी संवेदनशील असते की दमट रात्री, पाऊस टिपणाऱ्या संवेदक पट्टीवर एकही थेंब नसताना, केवळ ओलाव्याच्या थरातून गळणाऱ्या प्रवाहाने बझर वाजू लागतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ऋण पट्टीपर्यंत २२० किलोओहमचा रेझिस्टर लावावा. जोडी सुरू होण्यास बेसवर सुमारे १.४ व्होल्ट लागतात, आणि तेवढा दाब येईपर्यंत हा रेझिस्टर ६ मायक्रोॲम्पिअरपर्यंतची गळती आपल्याकडे वळवतो. हिशेब केल्यास संवेदकाचा रोध सुमारे ७ लाख ओहमच्या खाली आल्याशिवाय बझर वाजणार नाही.

संवेदक पट्टी आणि तिची निगा

तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेल्या व्हेरोबोर्डचा सुमारे ५ सेंटीमीटर चौरस तुकडा घ्यावा. पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम पट्ट्या एका तारेला आणि सम पट्ट्या दुसऱ्या तारेला जोडाव्यात, म्हणजे थेंब कोठेही पडला तरी तो दोन गटांना सांधतो. तांबे उघडे ठेवू नये. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने ते हिरवे पडते, शिवाय थेंबातून एकाच दिशेने प्रवाह वाहत राहिल्याने धन बाजूच्या पट्ट्या झिजत जातात. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सर्व पट्ट्यांवर सोल्डरचा पातळ थर द्यावा, खिडकी उघडी ठेवून काम करावे आणि सोल्डरमध्ये शिसे असू शकत असल्याने नंतर हात साबणाने धुवावेत.

संवेदकाच्या दोन तारा धन पट्टी आणि बेसकडील १ किलोओहम यांच्याशी जोडाव्यात. बोर्ड, बॅटरी आणि बझर घरात कोरड्या डब्यात ठेवावेत आणि फक्त संवेदक पट्टी बाहेर न्यावी. काही मीटर लांबीच्या तारेने फरक पडत नाही. पट्टी सपाट न ठेवता एका बाजूने उचलून बांधावी, म्हणजे सर ओसरल्यावर पाणी निथळून जाते आणि बझर लवकर थांबतो. समुद्राजवळच्या घरात पट्टीवर मिठाचा थर बसतो आणि मीठ हवेतील ओल ओढून घेते, त्यामुळे वापरण्यापूर्वी ती गोड्या पाण्याने पुसून उन्हात वाळवावी. धन तारेत स्विच ठेवून वाळवण बाहेर असेल तेव्हाच उपकरण चालू करावे, म्हणजे पट्ट्यांची झीज कमी होते. वाळवणाचा मोसम संपला की सेल काढून ठेवावेत, कारण चार महिन्यांच्या दमट हवेत विसरलेला सेल पाझरला तर होल्डरच्या स्प्रिंगा खातो. उरलेले घटक सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर पुढच्या मे महिन्यातही ते चांगल्या स्थितीत मिळतात.