पीसी चालूच होत नाही? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

बटण दाबलं तरी काहीच हलत नाही. पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. पंखे मजेत फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. लोगो येतो, विंडोज येत नाही. या चारही तक्रारींना आपण सरसकट ‘पीसी बंद पडला’ म्हणतो आणि खर्चाला सुरुवात तिथूनच होते. विंडोज पुन्हा टाकून डिस्प्ले येत नाही, आणि रॅम बदलून मेलेला एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) जिवंत होत नाही. पीसी कुठपर्यंत जाऊन थांबतो ते आधी बघा.

टेस्टर पेटला म्हणून सप्लाय ठीक धरणं

टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल सैल असेल तरी तो पेटतोच. पंचवटीत किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांत जुनी वायरिंग असते, तिथे हे हमखास तपासावं. मोबाइल चार्जर लावून बघण्यातही अर्थ नाही, कारण तो १०० व्होल्टवरही चालतो. त्याच सॉकेटला टेबल फॅन किंवा इस्त्री लावा.

मग यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला काढून पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा. यूपीएसची बॅटरी संपली असेल तर लाइट जाताच तो हात वर करतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, त्यामुळे मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी त्यावर तग धरत नाही. एसएमपीएसच्या मागचा काळा स्विच ‘I’ कडे आहे ना, हेही बघून घ्या. स्वस्त एसएमपीएसवर ११५/२३० असा लाल खटका असतो. तो २३० वरच राहू द्या. ११५ वर सरकवून प्लग लावला तर एसएमपीएस फटकन उडतो.

पंखा फिरला की एसएमपीएसला पास करणं

एसएमपीएसमधून मदरबोर्डाला जाणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला जोडून एसएमपीएस चालू करण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. वायरी सगळ्या काळ्या असतील तर कनेक्टरच्या नकाशात १६ क्रमांकाची पिन शोधा. पण या युक्तीतून एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं. लोड आल्यावर व्होल्टेज टिकतं का, ते कळत नाही. काही महागड्या एसएमपीएसचा पंखा तर लोड नसताना फिरतच नाही, आणि चांगला माल भंगारात जातो.

खरं उत्तर मल्टिमीटर देतो. पीसी बंद, पण प्लग लावलेला आणि मागचा स्विच चालू असताना जांभळ्या आणि काळ्या वायरीत ५ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. शून्य आले तर स्विच बंद करून, प्लग काढून २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डातून सोडवा आणि प्लग लावून परत मोजा. आता ५ आले तर शॉर्ट बोर्डाकडे आहे. तरीही शून्यच असेल तर एसएमपीएस गेला. पीसी चालू असताना पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

बटणावर संशय न घेणं

एसएमपीएस ठीक आहे, तरी काहीच हलत नाही? बहुतेकजण लगेच मदरबोर्डावर बोट ठेवतात. त्याआधी कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची वायर काढून रीसेटची वायर तिच्या जागी लावा आणि रीसेट दाबून बघा. पीसी चालू झाला तर दोष बटणाचा आहे, म्हणजे किरकोळ खर्च.

पंखा अर्धा फेरा मारून थांबत असेल तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम लावून चालवा. बाहेर चालला की बोर्डाखाली टेकलेला जास्तीचा पितळी स्टॅण्डऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब) किंवा पडलेला स्क्रू शोधा. चांदीच्या रंगाच्या अँटिस्टॅटिक पिशवीवर बोर्ड ठेवून चालवू नका. तिच्या बाहेरच्या बाजूतून करंट जाऊ शकतो.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही: घाई इथेच नडते

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये? कार्ड लावलं असेल तर केबल कार्डातच हवी. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच. प्रोसेसरशेजारचा ४+४ पिनचा कनेक्टर नीट बसलाय का, तेही चाचपा. साफसफाईनंतर तो विसरला जातो.

आता रॅम. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून आलेल्या पीसीत पहिला संशय तिच्यावरच. प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. निफाडकडे थंडीचा कडाका असतो तेव्हा हवा कोरडी असते, स्थिर वीज जास्त चावते. सोनेरी पट्ट्यांवरून पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. शाई खोडायचं खरखरीत रबर नको, ते मुलामाच खरवडतं. कण पूर्ण झटकून एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा आणि खटका वाजेपर्यंत दाबा. मग दुसरी रॅम त्याच स्लॉटमध्ये लावून बघा. दोन्ही एकदम लावल्या तर दोषी कोण ते कळणारच नाही.

डीडीआर५ रॅम नवी लावली असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. घाबरून मध्येच बंद करू नका. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो, तिथे अडलंय.

धूळ तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. लासलगाव-पिंपळगावकडे कांद्याच्या खळ्यावरच्या पीसीत पापुद्रे कूलरच्या पात्यांत अडकतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

बायोस रीसेट करून विसरणं

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डातला प्रोग्राम. त्याची सेटिंग जपणारा बोर्डावरचा सीआर२०३२ हा चपटा गोल सेल ३ व्होल्टचा, २.७ च्या खाली गेला की बदला. सेल काढला की सेटिंग मूळपदावर जातात आणि सॅटा मोड (डिस्क बोर्डाशी कशी बोलते ते ठरवणारी सेटिंग) बदलला तर लोगोनंतर विंडोज अडते. डिस्क गेली असं समजून फॉरमॅट मारू नका. आधी मोड आणि बूटचा क्रम बघा, विसरलेला पेनड्राइव्ह काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधीच लिहून ठेवा.

हार्डडिस्क टक-टक वाजत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. डेटा हवा असेल तर ती तशीच रिकव्हरीवाल्याकडे द्या. नको असेल तर नाशिकच्या एमजी रोडवर एसएसडी घ्यायला जाताना बोर्डाचं मॉडेल लिहून न्या, कारण एम.२ स्लॉट (थेट बोर्डावर एसएसडी बसवायची जागा) असूनही काही बोर्ड त्यात फक्त सॅटा प्रकारची एसएसडीच घेतात.