बाटलीत एक, लिस्टिंगवर दुसरंच: घरगुती क्लीनर ऑनलाइन विकताना या चुका टाळा

ऑनलाइन बाजाराने लिस्टिंग, म्हणजे उत्पादनाचं विक्रीचं पान, बंद केलं की विक्रेत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, सेफ्टी डेटा शीट तर अपलोड केली होती!" केलेली असते, त्यात खोटं काही नाही. ही शीट म्हणजे मालातले घटक आणि धोके सांगणारं माहितीपत्रक. उघडून बघावं तर ती कच्च्या मालाची निघते. विकायला काढलाय ड्रेन क्लीनर आणि शीट आहे कॉस्टिक सोड्याच्या पोत्यासोबत आलेली. पोत्यातला सोडा जवळजवळ शुद्ध. बाटलीतलं द्रावण ३ टक्क्यांचं, वर त्यात सर्फॅक्टंट (मळ सोडवणारा, साबणासारखा घटक) आणि सुगंध. या दोघांना एकच शीट कशी चालेल?

लेबलं आणि लिस्टिंग तपासून देण्याच्या कामात मला दिसतं ते असं, की मुद्दाम नियम मोडणारे फार थोडे असतात. बहुतेकांचं अडतं ते चार ठिकाणी चार वेगळ्या गोष्टी लिहिल्यामुळे. शीट, बाटलीवरचं लेबल, लिस्टिंगचं पान आणि बाहेरचा खोका, या चौघांनी एकाच द्रावणाबद्दल बोलायला हवं. हीच ३ टक्क्यांची बाटली हातात धरून एकेक चूक पाहू.

सप्लायरची शीट आपली म्हणून लावणं

डेटा शीटचा साचा जीएचएस या, रसायनांचे धोके आणि लेबलं ठरवणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीतून आला. तिची पहिली आवृत्ती २००३ची. शीटमध्ये १६ विभाग असतात आणि ते सगळे सारख्याच बारकाईने तपासायला कोणाकडे वेळ नसतो. मी आधी पाच बघतो: पहिला (उत्पादनाचं नाव), दुसरा (धोक्याचं वर्गीकरण), तिसरा (घटक आणि टक्केवारी), नववा (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, वगैरे) आणि चौदावा (वाहतूक). पहिल्या विभागातलं नाव लिस्टिंगच्या नावाशी अक्षरशः जुळत नसेल, तर ऑनलाइन बाजाराचा तपासणारा पुढे वाचतच नाही. "पॉवर क्लीन" आणि "पॉवर क्लीन प्लस" ही त्याच्या लेखी दोन उत्पादनं आहेत.

आता वर्गीकरण. युरोपच्या नियमांत सोडियम हायड्रॉक्साइडसाठी, म्हणजे आपल्या कॉस्टिक सोड्यासाठी, आकडे ठरलेले आहेत. ०.५ ते २ टक्क्यांपर्यंत ते त्वचेला आणि डोळ्यांना दाहक मानलं जातं. २ टक्क्यांपासून पुढे ते भाजणाऱ्या गटात जातं आणि लेबलवर एच३१४ हा कोड येतो: त्वचा गंभीरपणे भाजते, डोळ्यांना इजा होते. ५ टक्के आणि त्यापुढे त्या गटातला सर्वात तीव्र वर्ग. म्हणजे आपली ३ टक्क्यांची बाटली दाहक नव्हे, भाजणारी आहे. "तीनच टक्के तर आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. शिवाय दुसरी कसलीही माहिती हाताशी नसेल तर ११.५ किंवा त्याहून जास्त, आणि २ किंवा त्याहून कमी पीएचचं मिश्रण तिथे भाजणारंच धरलं जातं.

नैसर्गिक मालाचंही तेच. जेवणातल्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड साधारण ४-५ टक्के असतं. कोणी त्याला घाबरत नाही. तेच अ‍ॅसिड २५ टक्क्यांवर गेलं की भाजणाऱ्या गटात. "व्हिनेगरच आहे हो" म्हणून तीव्र कॉन्सन्ट्रेट साध्या बाटलीत विकणारे मी पाहिलेत.

आणि एक छुपा घोटाळा: फॉर्म्युला बदलतो, शीट तीच राहते. वास कमी पडतो म्हणून कोणीतरी लिंबाचं तेल वाढवतं. त्यातलं लिमोनीन त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी ओळखलं जातं. युरोपात डिटर्जंटमध्ये यादीतला सुगंधी अ‍ॅलर्जन वजनाने ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर तो नावानिशी लिहावा लागतो. प्रिझर्व्हेटिव्ह तर प्रमाण कितीही असो, लिहायचंच. तिथे धोकादायक मिश्रणाच्या लेबलवर यूएफआय नावाचा १६ अक्षर-अंकांचा कोडही लागतो. कोणी चुकून प्यायलं तर विषबाधा केंद्रातला डॉक्टर त्या कोडवरून आत काय आहे ते शोधतो. घटक बदलले आणि कोड जुनाच राहिला, तर तो डॉक्टर भलत्याच मिश्रणावर उपचार सांगेल.

दाव्यांचा हव्यास

"केमिकल फ्री" हा माझा लाडका दावा. पाणीसुद्धा केमिकलच, बाटलीत मग नेमकं काय भरलंय? हसण्यावारी नेलं तरी "नॉन-टॉक्सिक", "निरुपद्रवी", "इकॉलॉजिकल" हे शब्द धोकादायक ठरलेल्या मिश्रणाच्या लेबलवर युरोपात लिहिताच येत नाहीत. एका बाजूला भाजणाऱ्या द्रावणाचं धोक्याचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला "मुलांसाठी सुरक्षित", हे तपासणाऱ्याला लगेच खुपतं.

त्याहून महाग पडतं ते "९९.९ टक्के जंतू मारतो". हे लिहिलं की तुमचं क्लीनर बदलत नाही, त्याचा कायदा बदलतो. अमेरिकेत जंतुनाशक म्हणून विकायचं तर पर्यावरण संरक्षण संस्थेकडे म्हणजे ईपीएकडे नोंदणी लागते, आणि तीही कीटकनाशकांच्या कायद्याखाली. युरोपात ते बायोसाइड, म्हणजे जीवनाशक, ठरतं. नुसतं "मळ काढतो" म्हणणाऱ्याला या फेऱ्यात पडावं लागत नाही.

लिस्टिंग याच कारणाने अडलं असेल तर फक्त शीर्षक बदलून उपयोग होत नाही. फोटोवर छापलेला मजकूर बघा. ग्राहकांच्या प्रश्नांना तुम्हीच दिलेली उत्तरं बघा. आणि खरेदीदाराला न दिसणारे शोधशब्द, जे मागच्या बाजूला भरून ठेवलेले असतात, तेही उघडा. "डिसइन्फेक्टंट" तिथेच दडून बसलेलं मला अनेकदा सापडलंय.

लेबल आहे, पण पैसे भरल्यानंतर दिसतं

दुकानात माणूस बाटली उचलतो, फिरवतो, मागचं वाचतो. ऑनलाइन त्याला फक्त तुम्ही दाखवलेली बाजू दिसते. म्हणून युरोपात नियमच आहे: लेबल न बघता खरेदी होणार असेल तर धोक्याचा प्रकार जाहिरातीतच सांगायचा. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या तिथल्या सामान्य उत्पादन सुरक्षा नियमांनुसार दूरविक्रीच्या पानावर उत्पादकाचं नाव, टपालाचा आणि इलेक्ट्रॉनिक पत्ता, वस्तूचं चित्र आणि सुरक्षेच्या सूचना हव्यात. उत्पादक युरोपबाहेरचा असेल तर तिथल्या जबाबदार व्यक्तीचा पत्ताही. सूचना त्या बाजाराच्या भाषेत, हे वेगळं सांगायला नको. पण इथेच मशीनने केलेली भाषांतरं घात करतात.

करायचं ते सोपं आहे. लेबलच्या मागच्या बाजूचा सपाट, वाचता येईल असा फोटो टाका आणि धोक्याची वाक्यं वर्णनात मजकूर म्हणूनही लिहा. फोटो खऱ्या बाटलीचा असू द्या. संगणकावर काढलेल्या चकचकीत चित्रात हमखास मागच्या वर्षीचं लेबल असतं. आणि संत्र्याची फोड, सरबतासारखी पारदर्शक बाटली, शेजारी रांगणारं बाळ, हे सगळं काढा. खाण्याची वस्तू वाटेल किंवा मुलांना खुणावेल अशा पॅकिंगला मनाई आहे, आणि कपडे धुण्याच्या रंगीत कॅप्सूलमुळे हा धडा सगळ्यांना महागात शिकावा लागला. २०१५ पासून युरोपात त्या कॅप्सूलचं बाहेरचं पॅकिंग अपारदर्शक लागतं, आणि विरघळणाऱ्या आवरणात कडू पदार्थ असावा लागतो.

बूच दोषी नसतं

एका विक्रेत्याच्या भांडी घासायच्या लिक्विडच्या बाटल्या गळत होत्या. त्याने तीनदा बूच बदललं, आत फॉइल सील लावलं, दर वेळी खोके ओलेच परत. आम्ही चार बाटल्या वर्तमानपत्रावर उभ्या करून ठेवल्या. आठवड्याने झाकणाभोवती सगळं कोरडं, आणि डाग बुडाच्या कोपऱ्याखाली. उजेडात धरल्यावर केसाएवढी चीर दिसली. सर्फॅक्टंटच्या सान्निध्यात ताणलेलं पॉलिइथिलीन असंच तडकतं. प्लास्टिकवाल्यांना हे जुनं आहे, क्लीनरवाल्यांना दर वेळी नवं. जाड बुडाची आणि तडा न जाणाऱ्या ग्रेडची बाटली घेतल्यावर गळती थांबली.

आपल्या ड्रेन क्लीनरचं दुखणं उलटं. पीईटीची (पाण्याच्या बाटल्यांचं पारदर्शक प्लास्टिक) बाटली दिसायला सुंदर, पण कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली तिला हळूहळू खात जातो. तिथे एचडीपीईच (जास्त घनतेचं पॉलिइथिलीन) हवं. हायपोक्लोराइट ब्लीच उष्णता आणि उजेडाने विघटित होतं, वायू सुटतो आणि घट्ट बंद बाटली फुगते. त्याला अपारदर्शक बाटली आणि हवा सोडणारं झाकण लागतं.

माल पाठवण्याआधी एवढं तरी करा: भरलेल्या बाटल्या काही उभ्या, काही आडव्या, काही उलट्या करून उबदार खोलीत चार-सहा आठवडे ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन घटलं की कुठून तरी जातंय.

मुलांना न उघडणाऱ्या झाकणाचा मुद्दा याहून गंभीर. अमेरिकेत २ टक्के किंवा त्याहून जास्त सोडियम हायड्रॉक्साइड असलेल्या घरगुती द्रावणाला असं झाकण सक्तीचं आहे, युरोपात भाजणाऱ्या गटाला. म्हणजे आपली बाटली दोन्हीकडे सापडते. युरोपात वर दृष्टिहीनांना बोटाने कळेल असा उठावदार त्रिकोणही लागतो. "दाबून फिरवा" असं छापलेलं कुठलंही झाकण चालत नाही. अमेरिकी चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांची, म्हणजे साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुलं पन्नास-पन्नासच्या गटात बसवतात. पाच मिनिटं त्यांना स्वतःहून प्रयत्न करू देतात, मग उघडून दाखवतात आणि दात वापरलेत तरी चालेल असं सांगून आणखी पाच मिनिटं देतात. दाखवण्याआधी किमान ८५ टक्के आणि शेवटी किमान ८० टक्के मुलांना ते उघडता आलेलं नसावं. दुसरीकडे ५० ते ७० वर्षांच्या माणसांपैकी ९० टक्क्यांना मात्र उघडून पुन्हा बंद करता यायला हवं. ही परीक्षा झाकण आणि बाटली यांच्या जोडीची असते. एकीकडून स्वस्त बाटली, दुसरीकडून स्वस्त झाकण आणलंत तर प्रमाणपत्र कशाचंच राहत नाही.

खोका आणि कॉम्बो

द्रावण धोकादायक माल ठरलं की कुरिअरला तसं सांगावंच लागतं. आपल्या बाटलीचा यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) १८२४, वर्ग ८, म्हणजे क्षरणकारी माल. रस्त्याने मर्यादित प्रमाणाच्या (लहान पॅकसाठीच्या) सवलतीत पाठवायचं तर या तीव्रतेला आतली बाटली १ लिटरपर्यंत आणि पूर्ण खोका ३० किलोपर्यंत, वर काळ्या टोकांचा चौकोन. दोन लिटरचा फॅमिली पॅक या सवलतीत बसत नाही. विमानाचे नियम वेगळे आणि अधिक कडक.

खरी भीती मला कॉम्बोची वाटते. अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच "बाथरूम किट" म्हणून एका खोक्यात! वाटेत दोन्ही फुटली तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. न फुटता पोचली तरी ग्राहकाला तुम्हीच सुचवलंत की ही जोडी एकत्र वापरायची. १ टक्क्याहून जास्त सक्रिय क्लोरीन असलेल्या मालावर युरोपात "इतर उत्पादनांसोबत वापरू नका, घातक वायू सुटू शकतात" हे छापावंच लागतं. तुमचं किट त्याच वाक्याला खोटं पाडतं. असा कॉम्बो आजच तोडा.

तक्रारीला कूपन

"डोळ्यात उडालं" असा रिव्ह्यू आला की पुष्कळ जण माफी मागतात, कूपन देतात आणि विसरतात. आधी बॅच नंबर विचारा. तो बाटलीवर नसेल तर एका वाईट बॅचपायी सगळा माल परत मागवायची वेळ येते. मग त्या बॅचची ठेवलेली नमुना बाटली काढा, पीएच मोजा, झाकण बघा. दोष निघाला तर त्या बॅचची विक्री लगेच थांबवा. अमेरिकेत धोकादायक दोषाची माहिती हाती आल्यापासून २४ तासांत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला कळवायचं असतं. युरोपात त्यासाठी सेफ्टी बिझनेस गेटवे हे पोर्टल आहे.

लिस्टिंग पुन्हा सुरू करायला अर्ज करताना क्रम उलटा करू नका. आधी शीट नीट करा, तिच्यावरून लेबल, लेबल छापून आल्यावर फोटो आणि सर्वात शेवटी अपलोड. घाईत जुन्या फोटोसोबत नवी शीट चढवली की नकार परत येतो, आणि दुसऱ्या खेपेला तपासणारा जास्त बारकाईने बघतो.