जुन्या नाइट लॅचच्या पिना काढताय? या चुका टाळा

पहिलं नाइट लॅच खोललं तेव्हा पाचांपैकी चारच स्प्रिंगा सापडल्या. पाचवी दिवाळीच्या साफसफाईत सोफ्याखाली मिळाली. आता खाली पांढरा टॉवेल अंथरल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही.

आधी कुलूप पिनांचंच आहे ना, ते बघा. आपल्याकडची बरीच जुनी पितळी कुलपं लिव्हरची, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्यांची असतात, त्यांत पिना नसतातच. चपटी दातेरी किल्ली आणि ती जिथे जाते तो गोल फिरणारा प्लग दिसला, तर ते अमेरिकन कुलूपकार धाकट्या लायनस येलने 1861 आणि 1865 मध्ये पेटंट घेतलेल्या घराण्यातलं. प्लगच्या वरच्या बाजूला ओळीने भोकं असतात: प्रत्येक भोकात किल्लीवर टेकणारी खालची पिन, तिच्यावर दुसरी, वर स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की सगळ्या जोड्यांचे सांधे प्लगच्या काठाशी येतात आणि प्लग फिरतो.

मागचा स्क्रू किंवा क्लिप काढून प्लग सरळ ओढणं ही पहिली चूक. वरच्या पिना वाटेत येणाऱ्या प्रत्येक भोकात टपाटप पडतात. किल्ली घड्याळातल्या बारावरून एकपर्यंत फिरवा, मग प्लग पुढे काढा आणि मागून त्याच जाडीची लाकडी दांडी लगोलग सरकवा. दोघांत फट नको. पेन्सिल बारीक पडते, माझी स्प्रिंग तिच्यामुळेच उडाली.

आता खरी गंमत. वरच्या पिनांत एखादी दोऱ्याच्या रिळासारखी, मध्ये बारीक निघते. कधी अळंबीच्या आकाराचीही असते. झिजली समजून लोक ती फेकतात आणि साधी सरळ पिन घालतात. किल्लीने कुलूप पूर्वीसारखंच उघडतं, म्हणून चूक कधी कळतच नाही! पण ती कंबर मुद्दाम कोरलेली असते. कुणी तारेने खटपट केली की प्लग किंचित फिरतो, पिन तिरकी होऊन कंबरेत अडकते आणि चोराला वाटतं, झालंच. झीज ओळखायची तर बोटांत फिरवून बघा: ती बहुधा एका अंगाला असते, कोरलेली कंबर चहूबाजूंनी सारखी.

दुरुस्तीनंतर किल्ली आतच जात नसेल, तर वरच्या पिनांची अदलाबदल झाली असेल. काही कुलपांत लांब खालच्या पिनेवर आखूड वरची पिन असते. तिथे लांब बसवली की स्प्रिंग पूर्ण दबते आणि पिनेला वर सरकायला जागा उरत नाही. काढतानाच जोड्या अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. खालच्या पिनेचं निमुळतं टोक किल्लीकडे हवं.

वर डोकावणारी पिन कानशीने घासून प्लगशी सपाट करणं ही जुनी खोड. तिच्याबरोबर प्लगही घासला जातो, आणि ते काही परत येत नाही. झिजलेल्या किल्लीवरून नवी काढू नका, नक्कल झिजेचीच होते. ग्रॅफाइट आणि तेल एकत्र घातलंत तर आत काळा चिखल.

आणि पहिली चाचणी दार उघडं ठेवून घ्या. मी बंद करून घेतली होती. शेजारच्या काकांच्या गॅलरीतून घरात यावं लागलं.