होडीच्या डागडुजीसाठी सँडर कसा निवडावा

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारायच्या आणि तळाचं काम उरकायचं ते याच दिवसांत. ठाणे-नवी मुंबईतलं दिवाळे, सारसोळे, वाशीगाव किंवा चेंदणी, कुठल्याही बंदरावर या कामाचा सगळ्यात मोठा वाटा घासण्याचाच असतो, आणि त्यासाठीचं मशीन म्हणजे सँडर. तिथे बहुतेकजण घरात असलेला चार इंची ग्राइंडर उचलतात आणि फायबरच्या (फायबरग्लासच्या) तळाला खड्डे पाडून बसतात. मग ते खड्डे पुट्टीने भरायचे आणि पुट्टी पुन्हा घासायची, असं दुप्पट काम होतं. म्हणून मशीन विकत घ्यायच्या आधी काय काढायचं आहे ते नीट पाहा.

१. आधी होडी धुवा आणि थर तपासा

तळाला चिकटलेल्या शिंपल्या पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढा. नंतर अख्खा तळ गोड्या पाण्याने धुवा. मीठ तसंच राहिलं तर घासताना ते खरखरीत पृष्ठभागात दाबलं जातं, पुढे रंगाखाली ओल ओढून घेतं आणि फोड येतात. तळ सुकला की तळहाताएवढी जागा निवडून ८० नंबरच्या वॉटरपेपरने (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) पाणी लावत हाताने घासा. रंगाचे किती थर आहेत, खाली प्रायमर आहे का, जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) कुठे सुरू होतो, हे पाच मिनिटांत कळतं. जेलकोट साधारण अर्ध्या मिलिमीटरचाच असतो. मशीनला चुकायला तेवढीच जागा आहे.

लाकडी होडी असेल तर फळ्यांवरून लोहचुंबक फिरवा. वर आलेले खिळे ठोकून आत घ्या, नाहीतर बेल्ट सँडरचा पट्टा पहिल्याच फेरीत फाटेल.

२. कामाप्रमाणे मशीन

एकच मशीन घ्यायचं असेल तर रँडम ऑर्बिटल सँडर घ्या. याची चकती फिरते आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतेही, त्यामुळे एकाच दिशेचे ओरखडे पडत नाहीत. फायबर, पुट्टी, प्रायमर, लाकूड या सगळ्यांवर ते चालतं. आकार १२५ मिलिमीटर की १५० मिलिमीटर, हा प्रश्न वजनाचा आहे. टेकूवर उभ्या केलेल्या होडीखाली आडवं होऊन हात वर धरून घासायचं असतं. तिथे सव्वा-दीड किलोचं १२५ चं मशीन तासभर धरवतं, दोन-सव्वादोन किलोचं १५० चं धरवत नाही. मोठ्या, सपाट बाजूंसाठी मात्र १५० चं चांगलं.

खोक्यावर बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा आकडा म्हणजे ऑर्बिट, चकती किती सरकते ते. अडीच मिलिमीटरचं मशीन शेवटच्या सफाईसाठी असतं. त्याने जुना रंग काढायला बसलात तर दिवस जाईल आणि मशीनला नावं ठेवाल. तळासाठी पाच मिलिमीटरच्या आसपासचं बघा.

ग्राइंडरचीही जागा आहे, पण ती लहान आहे. फायबरला तडा गेला असेल तर कडा उतरत्या कराव्या लागतात. जाडीच्या बारापट उतार धरा: पाच मिलिमीटर जाडी असेल तर सगळीकडून साठ मिलिमीटर. हे काम ३६ किंवा ४० नंबरच्या चकतीने होतं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. त्या वेगाने रेझिन (फायबरचे धागे बांधून ठेवणारं रसायन) तापून करपतं आणि हात जरा तिरका झाला की खड्डा पडतो. परवडत असेल तर वेग कमीजास्त करता येणारा सात इंची सँडर-पॉलिशर घ्या आणि खालच्या वेगावर चालवा. कुठल्याही मशीनला लावायच्या रबरी पॅडवर जास्तीत जास्त वेगाचा आकडा छापलेला असतो. तो मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल तर तो पॅड त्या मशीनला लावूच नका, तो फाटून उडू शकतो.

बेल्ट सँडर फक्त लाकडासाठी. डेकच्या फळ्या, बसायचे पाट, पठाणाची (होडीच्या तळाच्या कण्याची) सरळ बाजू यांवर तो रेषांच्या दिशेने चालवा. फायबरच्या गोलाव्याला तो लावूच नका. नाळेजवळचे (होडीच्या पुढच्या टोकाजवळचे) कोपरे आणि आतल्या वाकांमधली (बरगड्यांमधली) जागा यांसाठी तिकोनी डिटेल सँडर मिळतो. तो नसला तर हाताने घासा.

आणि एक गोष्ट मशीन करूच शकत नाही: लांब बाजू एकसारखी, लाटा न दिसणारी. त्यासाठी सहा मिलिमीटर प्लायवूडची साठ-सत्तर सेंटीमीटरची पट्टी घ्या, मागे दोन मुठी लावा, पुढे पेपर चिकटवा आणि तिरक्या हाताने घासा. आधी काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा मारला तर खोलगट जागी काळं तसंच राहतं आणि पुट्टी, जिला रंगारी लांबी म्हणतात, ती नेमकी कुठे भरायची ते दिसतं.

३. वीज

भरतीच्या रेषेजवळ, ओल्या चिखलात उभं राहून २३० व्होल्टचं मशीन चालवायचं आहे, हे विसरू नका. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरूनच वीज घ्या. मशीनवर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे का पाहा. तीस मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पुरते. ती ड्रमवरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल तापते. जोड आणि प्लग जमिनीवर न ठेवता टेकूला टांगा.

बॅटरीचं मशीन घ्यायचा विचार असेल तर हिशेब करा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास. ३०० वॉटच्या ओढीला ती सुमारे अठरा मिनिटं टिकेल. छोट्या डागडुजीला ठीक, अख्ख्या तळाला नाही.

पाणी लावून घासायचं असेल तर विजेचं मशीन कधीच नाही. ते काम हाताने किंवा हवेच्या सँडरने. मात्र हवेच्या सँडरला सतत बरीच हवा लागते. पंक्चरवाल्याकडचा छोटा कॉम्प्रेसर दोन मिनिटांत दम सोडतो.

४. धूळ

तळाच्या रंगात बहुधा तांब्याचं ऑक्साइड असतं, म्हणूनच त्याला शिंपल्या धरत नाहीत. ती धूळ तुमच्या फुफ्फुसात जायला नको आणि खाडीतही जायला नको. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला आहे. पण तो नसता तरी आपले मासे आणि खेकडे त्याच पाण्यात वाढतात. तळाचा जुना रंग म्हणून ओलाच घासा किंवा व्हॅक्यूम जोडून घासा. खाली ताडपत्री पसरा आणि जमलेला चिखल-भुगा गोणीत भरून ठेवा.

सँडरसोबत येणारी छोटी कापडी पिशवी यासाठी अपुरी आहे. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, कागदी पिशवीचा व्हॅक्यूम लावा. मशीनचं तोंड आणि पाइपचा व्यास सहसा जुळत नाही. जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लिप लावल्या की जोड बसतो. पेपरची भोकं पॅडच्या भोकांशी जुळली नाहीत तर व्हॅक्यूम लावून काही उपयोग नाही. आठ भोकांच्या पॅडला आठ भोकांचाच पेपर.

नाकाला रुमाल चालत नाही. फायबर घासताना निदान एफएफपी२ (बारीक धूळ गाळणारा) मास्क, रंगासाठी काडतूस बदलता येणारा अर्ध्या चेहऱ्याचा मास्क, डोळ्यांना बंद चष्मा आणि पूर्ण बाह्या.

५. दुकानात काय बघायचं

वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापेच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात मशीन सुरू करून पाहायला मागा. हवेत धरल्यावर चकतीचा वेग वाढतच गेला तर पॅडचा ब्रेक नीट नाही. असं मशीन पृष्ठभागाला टेकताक्षणी गोल ओरखडा पाडतं. वेगाचं बटण हवंच. कार्बन ब्रश आणि जादा पॅड इथेच मिळतात का, ते विचारून घ्या. वेलक्रोचा पॅड ही झिजणारी वस्तू आहे. जोर देऊन घासलं की तापून त्याचे आकडे वितळतात आणि पेपर उडायला लागतो.

पेपर ६० आणि ८० नंबरचा पन्नासच्या खोक्याने घ्या, १२० आणि १८० चा थोडा. पावसाळ्यात तो झिप पिशवीत ठेवा, दमट झाला की वाकतो.

६. घासताना

मशीन आधी टेकवा, मग सुरू करा, आणि उचलूनच बंद करा. जोर देऊ नका, मशीनचं वजन पुरतं. सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकवू नका. वळणदार ओरखडे दिसू लागले तर पेपर भरला आहे, तो बदला.

पेपर वारंवार भरतो तेव्हा चूक बहुधा मशीनची नसते. इपॉक्सी (रेझिनचा एक प्रकार) दमट हवेत सुकलं की वर मेणचट थर येतो. तो आधी पाणी आणि स्क्रबरने धुऊन काढावा लागतो. पॉलिएस्टर रेझिनचा वरचा थर हवेमुळे चिकट राहतो, तो अ‍ॅसिटोनने पुसा. पण त्या वेळी जवळपास ग्राइंडर चालू नको, अ‍ॅसिटोनची वाफ ठिणगीने पेटते.

६० ने सुरुवात केली असेल तर ८०, १२० असं पायरीपायरीने वर जा. तळाच्या प्रायमरला ८० ते १२० ची पकड पुरते, त्याहून गुळगुळीत केलं तर रंग सुटतो. जुलैच्या हवेत घासलेला भाग रात्रभर उघडा ठेवू नका. एका दिवसात जेवढ्याला प्रायमर लागेल तेवढंच घासायला घ्या.