मोसिन-नागांचा अडकणारा बोल्ट

टेक्सासमध्ये मी 1942 चा शिक्का असलेली सोव्हिएत मोसिन-नागां 91/30 रायफल रीतसर विकत घेतली. मात्र चार-पाच गोळ्या झाडल्यावर बोल्टचा (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाचा) दांडा तळहाताने ठोकल्याशिवाय उघडेना. बोल्ट घासून घ्यावा असे वाटले होते, पण ती घोडचूक ठरली असती. साठवणुकीसाठी फासलेले कॉस्मोलीन हे गंजरोधक ग्रीस चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागी, वाळून बसले होते आणि नळी तापली की ते चिकट होऊन काडतुसाचे रिकामे कवच धरून ठेवत होते. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, मिनरल स्पिरिटमध्ये (ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवात) भिजवलेला पितळी ब्रश मी चेंबरमध्ये बराच वेळ फिरवला. चिंध्यांवर काकवीसारखा तपकिरी थर येत राहिला आणि सातवी चिंधी पांढरी निघाली. आता 20 गोळ्यांनंतरही बोल्ट सहज उघडतो.